आधी मागचं चाक बघा

माझ्या पहिल्या गिअरवाल्या सायकलचा मागचा एक्सल चौथ्या महिन्यात वाकला. काही पराक्रम करताना नव्हे. पुण्यात वेताळ टेकडीवरून खाणीच्या बाजूने उतरत होतो, वाटेत वीतभर उंचीचा दगडी टप्पा आला आणि सीटवरून न उठता मी तो उतरलो. खाली आलो तर चाक एका अंगाला झुकलेलं आणि टायर फ्रेमला घासतोय. सायकल ढकलत पेठेतल्या नेहमीच्या सायकलवाल्या काकांकडे नेली. त्यांनी चाक सोडवलं, एक्सल ओढून काढला, काउंटरच्या काचेवर ठेवला आणि बोटाने ढकलला. तो सरळ घरंगळण्याऐवजी डुलत डुलत गेला. "दीडशे रुपयांचं काम आहे," काका म्हणाले, "पण चार महिन्यांनी परत याल." मी तिसऱ्याच महिन्यात गेलो.

त्या सायकलला एकवीस गिअर होते. पुढे लालभडक शॉकअप, मागेही स्प्रिंग, दोन्ही चाकांना डिस्क. विकणाऱ्याने यातली एकेक गोष्ट बोटांवर मोजत सांगितली होती. मागच्या हबबद्दल, म्हणजे एक्सल ज्यातून जातो त्या चाकाच्या मधल्या भागाबद्दल, तो काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही, कारण विचारण्याइतकं कळतच नव्हतं. आज कुणी पहिली माउंटन बाइक घ्यायला मला बरोबर नेलं, तर मी दुकानात शिरल्याबरोबर मागच्या चाकापाशी उकिडवा बसतो. दुकानदाराला ते फारसं आवडत नाही.

हार्डटेलच का

आपल्याकडे जाड टायर आणि सरळ हँडल दिसलं की कित्येक वर्षं त्या सायकलला सरसकट 'रेंजर' म्हणत. हार्डटेल म्हणजे त्याच घराण्यातली, पण पुढे शॉकअप असलेली आणि मागचा भाग ताठ, एकसंध फ्रेमचा असलेली सायकल. मागेही स्प्रिंग असली की ती फुल सस्पेन्शन, बाजारू भाषेत 'डबल शॉकर'. चांगल्या डबल शॉकरमध्ये फ्रेमला तीन-चार सांधे असतात, प्रत्येक सांध्यात बेअरिंग असतं, आणि मागच्या शॉकमध्ये हवेचा किंवा तेलाचा हिशेब असतो. हे नीट करायला लाखाच्या घरात पैसे लागतात. बारा हजारांत जे मिळतं ती लोखंडी फ्रेममध्ये अडकवलेली स्प्रिंग. ती तुमच्या पायाची ताकद खाते, सायकलचं वजन वाढवते आणि वर्षभरात कुरकुरू लागते. खिसा मर्यादित असेल तर डबल शॉकरकडे ढुंकूनही बघू नका. या एका मुद्द्यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

पुढच्या शॉकअपचेही फार देव्हारे माजवू नयेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ साली काही तरुण जुन्या श्विन सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावू लागले. माउंटन बाइकिंगची गोष्ट बहुतेक जण तिथून सुरू करतात. त्या सायकलींना कसलंही सस्पेन्शन नव्हतं. ब्रेक मागच्या हबच्या पोटात असायचे आणि एका उतारात ते इतके तापायचे की आतलं ग्रीस जळून जायचं. दर खेपेला हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे, म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. बाजारात चाललेला पहिला माउंटन बाइकचा शॉकअप, रॉकशॉक्सचा, आला १९८९ मध्ये. म्हणजे तेरा वर्षं लोक दगडधोंड्यांतून शॉकअपशिवाय उतरत होते. त्यांनाही हबची काळजी करावी लागत होती, हे मला फार आवडतं.

कुठल्या वाटेवर चालवणार?

"ऑफरोडिंग करायचंय" हे उत्तर पुरेसं नाही. आपल्या वाटा कॅलिफोर्नियातल्या नाहीत. देशावरच्या टेकड्यांवर मुरूम आणि कातळ: उन्हाळ्यात वरची सुटी खडी पायाखालून घसरते आणि कातळाच्या कडा टायरला चावतात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रानात शिरलात तर वीस पावलांत चाकाला मातीचं कडबोळं गुंडाळतं आणि चाक फिरायचं थांबतं. तिथे फ्रेम आणि टायर यांच्यातली मोकळी जागा हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची बारीक खडी चाकाखाली गोट्यांसारखी पळते. आणि सगळीकडे काटे आहेत: बाभूळ, बोर, पायवाटेच्या कडेचे सराटे.

तेव्हा पहिल्या वर्षात तुम्ही खरोखर काय करणार, ते मनाशी ठरवा. आठवड्यातले पाच दिवस ऑफिस आणि रविवारी सकाळी टेकडी? की सिंहगडचा घाट, बोपदेव, येऊरची चढण असे डांबरी चढ आणि अधूनमधून कच्चा रस्ता? बहुतेकांचं उत्तर या दोन्हींच्या मधलं असतं आणि त्याला साधी हार्डटेल पुरते. उड्या मारायच्या असतील तर गोष्ट वेगळी. सायकलसोबत येणारी पुस्तिका कुणी वाचत नाही, पण पुष्कळ कंपन्या तिच्यात एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या मोजमापाप्रमाणे वापराचा वर्ग छापतात. दुसऱ्या वर्गातली सायकल कच्च्या रस्त्यासाठी असते आणि साधारण १५ सेंटिमीटरपर्यंतचा उतरता टप्पा सहन करते. तिसऱ्या वर्गातली ६१ सेंटिमीटरपर्यंत. पुस्तिकेत 'डांबरी रस्त्यासाठी' असं लिहिलेल्या सायकलीलाही दुकानात माउंटन बाइक म्हणूनच हाक मारतात. माझ्या पहिल्या सायकलची पुस्तिका मी एक्सल दुसऱ्यांदा वाकल्यावर वाचली.

मागचं चाक

तुमचं वजन बसल्या ठिकाणी पडतं ते मुख्यतः मागच्या चाकावर. हार्डटेलला मागे स्प्रिंग नाही, म्हणजे प्रत्येक दगडाचा धक्का टायर, रिम, तारा आणि एक्सल यांनाच पचवावा लागतो. तरीही कंपनीला पैसे वाचवायचे असले की कात्री इथेच लागते, कारण हे दिसत नाही.

मागच्या दातेरी चक्रांची जोडणी दोन प्रकारची असते. जुन्या पद्धतीत फ्रीव्हील असतं: चक्रं आणि 'कट्‌कट्‌' आवाज करणारी यंत्रणा यांचा एक गठ्ठा, हबवर आट्यांनी घट्ट बसवलेला. यात उजव्या बाजूचे छर्रे गठ्ठ्याच्या आत, चाकाच्या मध्याकडे राहतात. तिथून फ्रेमपर्यंतचा एक्सलचा तुकडा नुसता अधांतरी. चक्रं सहा-सात झाली की तो तुकडा लांब होतो आणि धक्क्याला वाकतो. नव्या पद्धतीत कॅसेट असते. कट्‌कट्‌ करणारी यंत्रणा हबचाच भाग असते, आणि छर्रे अगदी बाहेरच्या टोकाला, फ्रेमच्या जवळ. एक्सलला आधार मिळतो, तो वाकत नाही. पुढेमागे चक्रं झिजली तर फक्त कॅसेट बदलते.

दुकानात हे ओळखायला हत्यार लागत नाही. मागचं चाक एका हाताने घट्ट धरा आणि पायडल उलटा फिरवा. चक्रांच्या मध्यभागी, एक्सलच्या भोवती खाचांचं एक कडं दिसेल. चक्रांबरोबर तेही फिरलं तर कॅसेट. चक्रं फिरली आणि ते कडं जागच्या जागी राहिलं तर फ्रीव्हील. मागे सात चक्रं असतील तर बहुधा फ्रीव्हीलच निघतं. आठ किंवा अधिक असतील तर कॅसेटची शक्यता जास्त, पण आठ-नऊ चक्रांची फ्रीव्हीलंही बाजारात आहेत, म्हणून चाक धरून खात्री करा.

फ्रीव्हील वाईटच, असं मी म्हणत नाही. तुमचं वजन पंचावन्न-साठ किलो असेल, वापर रस्त्याचा असेल, तर ते वर्षानुवर्षं चालेल. पण टेकडीवर जायचं असेल आणि वजन पंचाहत्तरच्या पुढे असेल, तर कॅसेटसाठी तीन हजार जास्त मोजा. ते पैसे वाटलं तर शॉकअपमधून वाचवा.

चाकाजवळ बसलाच आहात तर दोन गोष्टी आणखी बघा. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकपॅड किंवा फ्रेमच्या जवळून रिम कशी जाते ते बघा. ती डावी-उजवीकडे डुलत असेल तर आउट आहे. नव्या सायकलचा आउट दुकानदाराने समोर काढून द्यावा, त्यात लाजायचं काही नाही. मग तारा दोन-दोन करून चिमटीत दाबा. एका बाजूच्या सगळ्या तारा जवळपास सारख्याच ताठ लागल्या पाहिजेत. रिम डबल वॉलची आहे का, हे विचारा. सिंगल वॉल रिम दगडावर आपटली की चेपते, आणि चेपलेल्या रिमचा आउट कुणालाच काढता येत नाही.

शॉकअप आणि हवा

स्वस्त शॉकअपमध्ये साधी लोखंडी स्प्रिंग असते. एसआर सनटूरच्या एक्ससीई, एक्ससीटी, एक्ससीएम या मालिका या किमतीत सर्रास दिसतात, आणि त्यांच्याखाली स्टिकर लावलेले निनावी शॉकअप. सनटूरमध्येही वरच्या मालिकेत नळ्या जाड होतात: २८ मिलिमीटरऐवजी ३० किंवा ३२. जाड नळी वळणावर कमी लवते. प्रवास, म्हणजे शॉकअप किती दबतो, १०० मिलिमीटर असला की पहिल्या सायकलसाठी पुष्कळ झाला.

अडचण ही की ती स्प्रिंग कारखान्याने एका ठरावीक वजनासाठी बसवलेली असते. पन्नास किलोच्या माणसाला ती जवळजवळ दबतच नाही आणि नव्वद किलोच्या माणसाला तळाला टेकते. वर जी फिरवायची टोपी असते तिने स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही, फक्त ती आधीच किती दाबून ठेवायची ते ठरतं. विकणारा मात्र ती टोपी फिरवून "बघा, सॉफ्ट-हार्ड" म्हणतो. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर छातीचं वजन टाका. शॉकअप सरळ, न अडखळता दबला पाहिजे आणि आपटल्यासारखा वर येता कामा नये. मग ब्रेक तसाच ठेवून सायकल पुढे-मागे हलवा. हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल फ्रेममध्ये जिथे फिरतं तिथे, किंवा शॉकअपच्या नळ्यांत 'टक्‌' असं काही जाणवलं, तर त्याच मॉडेलची दुसरी सायकल मागा.

असा शॉकअप अडीच किलोच्या आसपास भरतो. त्याच्या जागी ताठ लोखंडी चिमटा असता तर दीड किलो वजन आणि थोडे पैसे वाचले असते. वीस हजारांच्या आत ताठ चिमट्याची, जाड टायरची, चांगल्या चाकांची सायकल समोर आली, तर मी तीच घ्या म्हणेन. हे वाक्य लेखाच्या विषयात बसत नाही, पण खरं आहे.

खरा स्वस्त शॉकअप म्हणजे टायरमधली हवा. सव्वादोन इंची टायरात, सत्तर किलोच्या माणसाला, ट्यूब घालून साधारण ३० पीएसआय पुरते. पंक्चरवाला अंगठ्याने दाबून पन्नासच्या वर भरून देतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे दूधवाल्याची सायकल असते. पन्नासाच्या टायरने टेकडीवर गेलात तर दातखिळी बसते आणि चाक मुरमावर नाचतं. फार कमीही नको. पंचविसाखाली गेलात तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि सापाने दंश केल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पंपाला मीटर असलेलाच घ्या.

ब्रेक आणि गिअर

डिस्क असली म्हणजे ब्रेक चांगले, हा मोठा गैरसमज. निनावी कंपनीचा केबलवाला डिस्क ब्रेक रिमला पकडणाऱ्या चांगल्या व्ही-ब्रेकपेक्षा वाईट लागतो. पण चिखलात व्ही-ब्रेकचे पॅड मातीने भरतात आणि डिस्क रिमपासून दूर, चाकाच्या मध्याजवळ असल्यामुळे तिथवर चिखल कमी पोचतो, म्हणून आपल्या पावसात डिस्कला अर्थ आहे. बजेट चालत असेल तर हायड्रॉलिक घ्या. शिमानोचा एमटी २०० किंवा टेक्ट्रोचा सुरुवातीचा संच एका बोटाने सायकल थांबवतो, आणि लांब उतारावर हाताला गोळा येत नाही. या दोन्हींत मिनरल ऑइल असतं, मोटरसायकलचं ब्रेक ऑइल त्यात कधीही घालू देऊ नका. नवी डिस्क पहिल्या दिवशी लागत नाही. रिकाम्या रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन, हळूहळू पण ठाम ब्रेक दाबून पॅड बसवावे लागतात. आणि उजवा लिव्हर पुढचा आहे की मागचा, हे टेस्ट राइडच्या आधी पार्किंगमध्येच बघा.

गिअरांचा आकडा ही दुकानातली सर्वांत मोठी थाप. पुढे तीन, मागे सात, म्हणून एकवीस. त्यातले अर्धे एकमेकांची नक्कल असतात. चढावर एकच आकडा कामाचा: पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दात भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दात. पुढे २४ आणि मागे २८ असतील तर ०.८६. पुढे २२ आणि मागे ३४ असतील तर ०.६५, म्हणजे चढ जवळजवळ चौथा हिस्सा हलका. हल्ली पुढे एकच चक्र असलेल्या सायकली निघतात. पुढे ३० आणि मागे ४२ असेल तर ०.७१, उत्तम. पण पुढे ३२ ठेवून मागे फक्त ३६ दिले असतील, तर तो नुसता फॅशनचा सोस. सिंहगडच्या घाटात गुडघे तुम्हाला आठवण करून देतील. दात मोजायला लाज वाटू देऊ नका, बहुतेक चक्रांवर आकडा कोरलेलाच असतो.

शिमानोच्या उतरंडीत टुर्नी सर्वांत खाली, मग आल्टस, असेरा, अलिव्हिओ आणि त्यावर डिओर. आल्टसपासून पुढे पहिल्या सायकलला पुरेसं असतं. मात्र चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा डिरेलर डिओरचा आणि बाकी सगळं निनावी, अशी मांडणी दिसली की सावध व्हा. गिऱ्हाईक तेवढा एकच भाग वाचतं, हे कंपन्यांना चांगलं ठाऊक आहे.

माप

याच्यावर सर्वांत कमी बोललं जातं आणि पश्चात्ताप सर्वांत जास्त याचाच होतो. दुकानात जे माप शिल्लक असतं ते तुमच्यासाठी 'परफेक्ट' ठरतं. "सीट खाली करून देतो" हे उत्तर ऐकून घेऊ नका. सीट वर-खाली होते, फ्रेमची लांबी होत नाही. टेकडीवर घालणार तेच बूट घालून दुकानात जा, वरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीवर टेकून उभे राहा. दांडा आणि तुमच्या मध्ये दोन-तीन बोटं नव्हे, निदान पाच सेंटिमीटर मोकळी हवी. मग सीटवर बसून हँडल धरा. कोपरं थोडी वाकली पाहिजेत. हात ताठ लांब करावे लागत असतील तर फ्रेम मोठी. १७ इंच एका कंपनीचं आणि १७ इंच दुसऱ्या कंपनीचं यांत बराच फरक असतो, म्हणून मित्राच्या सायकलचं माप सांगून ऑनलाइन मागवू नका. सव्वापाच फुटांच्या आतल्या मुलामुलींनी २९ इंची चाकाच्या नादी न लागता २७.५ बघावं, हँडल फार उंच जात नाही आणि वळणावर सायकल ऐकते.

चाकांच्या आकड्यांचीही एक गंमत आहे. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत खरं माप मिलिमीटरमध्ये असतं: २६ इंचाला ५५९, साडेसत्तावीसला ५८४, एकोणतिसाला ६२२. आणि आजोबांच्या काळ्या २८ x १½ च्या सायकलवर? ६३५. म्हणजे अठ्ठावीस इंची रिम एकोणतीस इंचीपेक्षा मोठी. म्हणून ट्यूब-टायर घेताना इंच सांगू नका, हा मिलिमीटरचा आकडा सांगा. तालुक्याच्या गावात राहत असाल तर आणखी एक: २६ चं टायर तिथल्या कोणत्याही दुकानात मिळतं, साडेसत्तावीसचं मागवावं लागतं.

पैसे

ढोबळ अंदाज असा. दहा-बारा हजारांत माउंटन बाइकचा मुखवटा मिळतो. वीस ते तीस हजारांत कॅसेट, अल्युमिनियमची फ्रेम, सनटूरचा शॉकअप आणि बरे ब्रेक यांच्यातल्या तीन तरी गोष्टी मिळायला हव्यात, चौथीवर तडजोड. चाळीसच्या पुढे परदेशी नावांच्या पायऱ्या सुरू होतात. डेकॅथलॉनची रॉकरायडर, हिरोकडे गेलेली फायरफॉक्स, ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सची माँट्रा अशा नावांच्या वेगवेगळ्या मॉडेल्समध्ये याच मधल्या थरात बराच फरक असतो. नावावर नका जाऊ, चाक धरून पायडल उलटा फिरवा. फ्रेम लोखंडी की अल्युमिनियमची, यावर लोक फार वेळ घालवतात. या बजेटमध्ये दोन्ही चालतात.

तीस हजार असतील तर सगळे सायकलवर घालू नका. चोवीस-पंचवीसची सायकल घ्या. उरलेल्यात हेल्मेट, मीटरचा पंप, दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, दिवे, कुलूप, आणि त्याच मॉडेलचा एक हँगर. हँगर म्हणजे मागचा डिरेलर ज्यावर लटकतो तो मऊ तुकडा. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो किंवा तुटतो, फ्रेम वाचावी म्हणूनच तो मऊ केलेला असतो. मॉडेल बंद झालं की हँगर मिळत नाही आणि चांगली सायकल एका बोटभर तुकड्यासाठी भिंतीला टेकून राहते. ट्यूबचा वॉल्व्ह मोटरसायकलसारखा असेल तर उत्तम. आतला पिन काढून सीलंट भरता येतं आणि सराट्यांची निम्मी कटकट जाते.

जुनी घ्यायचा विचार करत असाल तर शोधायला हरकत नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर हौसेने घेतलेल्या कितीतरी सायकली सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात आहेत. विकणारा जुन्या बिलाचा आकडा दाखवेल. त्याला आठवण करून द्या की २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा तुलना आजच्या नव्या किमतीशी व्हायला हवी. मग पट्टी काढा. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. तिथून चोविसाव्या पिनचा मध्य बरोबर १२ इंचांवर यायला हवा. एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदलावी लागेल, एक अष्टमांश गेला असेल तर कॅसेटही. ते पैसे भावातून कमी करा. हँडलच्या खाली, जिथे फ्रेमच्या दोन नळ्या मिळतात, तिथे खालच्या बाजूने बोट फिरवा. रंगाला केसाएवढी चीर असेल तर नमस्कार करून निघा. शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर नखाला लागेल असा ओरखडा असेल तर सील गळणार. बाकी गंज, फाटकी सीट, सोललेले ग्रिप, यांची काळजी करू नका. त्यावरून उलट भाव पाडता येतो.

खोक्यात घरी येणारी सायकल घेतलीत तर आधी पुढच्या चाकाकडे बघा. डिस्क चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला असली पाहिजे. उजवीकडे दिसली तर शॉकअप उलटा बसवलाय. तशीच चालवणारे लोक मी पाहिलेत, आणि "हँडल जरा विचित्र वळतं" अशी तक्रार करतात.

पहिल्या महिन्यात चेनला तेल घालण्यापेक्षा महत्त्वाचं काम क्रँकचे बोल्ट आवळण्याचं आहे. डावा क्रँक हमखास सैल होतो. बहुतेकांना ८ मिलिमीटरची ॲलन चावी लागते, काहींना १४ चा बॉक्स पाना. पायडल मारताना 'टक्‌ टक्‌' ऐकू आलं तर तिथेच उतरा. सायकल तशीच पाच किलोमीटर चालवलीत तर आतलं चौकोनी भोक गोल होतं आणि मग कितीही आवळा, धरत नाही. डावा पायडल उलट्या आट्याचा असतो, जोर लावण्यापूर्वी दिशा बघा. आणि पहिली सर्व्हिस फुकट असते म्हणून सायकल दुकानात टाकून येऊ नका. शेजारी स्टूल घेऊन बसा, चाकं उतरवून आउट काढायला सांगा, मागचा हब हाताने फिरवून बघा. हब खरखरत असेल तर एक्सलवरचे कोन थोडे सैल करून पुन्हा बसवायला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं तुम्ही समोर असाल तरच मिळतात.